दैनंदिन मालिका आणि नाटकाचे प्रयोग: नटाने दोन्ही कसं सांभाळावं?

तालीममास्तर

एकांकिका स्पर्धांतून पुढे आलेल्या मुलामुलींना पहिली दैनंदिन मालिका मिळाली की घरचेदारचे सगळे एकच धरून चालतात: आता नाटक बंद. मला हे पटत नाही. दोन्ही सांभाळणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि अपवाद म्हणून सोडून द्यावीत इतकी ती थोडी नाहीत. कविता लाड-मेढेकरांचंच बघा. 'चार दिवस सासूचे' ३००० हून जास्त भाग चालली. पुढे 'तुला शिकवीन चांगलाच धडा' चालू असताना प्रशांत दामल्यांबरोबर 'एका लग्नाची पुढची गोष्ट'चे प्रयोगही चालूच होते.

माझं मत असं की अडचण अभिनयाची नसते, तारखांची असते. आणि तारखांची बोलणी मालिकेच्या करारावर सही होण्याआधी झाली तरच त्यांना अर्थ असतो.

इथे दोन्हीकडच्या कामाची नेमकी माहिती असलेले बरेच सदस्य आहेत. आठवणी आणि किस्से दुसऱ्या धाग्यावर येऊ द्या. इथे व्यवहार लिहा: दिवस कसा बसवायचा, कुठे फसतं, काय लिहून घ्यायचं. आणि एक सरळ प्रश्न: नवीन नटाने आधी नाटक धरावं की मालिका?

विंगेतून

आधी दिवसाचं गणित मांडू.

सोमवार ते शनिवार सहा भाग. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की एक भाग २० ते २२ मिनिटांचा. म्हणजे आठवड्याला दोन तासांहून जास्त कथा, आणि तीही दर आठवड्याला. त्यासाठी महिन्याचे २४-२६ दिवस शूट आणि १२ तासांची शिफ्ट लागते. शिफ्ट ९ ते ९ असेल तर नायिकेचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, साडेसातची, कारण केस, मेकअप आणि साडी यात सव्वा-दीड तास जातो.

आता नाटक. रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर बॅकस्टेजची मंडळी तीन-चार तास आधी सेट लावायला घेतात आणि नटाने सात वाजता मेकअपरूममध्ये असायला हवं. प्रयोग संपायला अकरा. मेकअप उतरवून, जेवून, घरी पोहोचेपर्यंत एक. दुसऱ्या दिवशी साडेसातचा कॉल. झोप पाच तास, तीही घर स्टुडिओजवळ असेल तर. आठवड्यातून एकदा हे चालतं. लागोपाठ तीन दिवस झालं की तिसऱ्या दिवशी संवाद अडखळायला लागतात, आणि ते कॅमेऱ्यासमोर आधी दिसतं.

म्हणून नाट्यगृह कुठलं, याला फार महत्त्व आहे. घोडबंदर रोडवर शूट असेल तर ठाण्याचं घाणेकर किंवा गडकरी रंगायतन. गोरेगावच्या चित्रनगरीत असेल तर पार्ल्याचं दीनानाथ. मीरा रोड-नायगावकडे असेल तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. घोडबंदरहून दादरला शिवाजी मंदिर गाठायचं तर साडेचारला निघालेलं बरं. पावसाळ्यात त्याच्याही आधी. कागदावर हे अंतर दीड तासाचं दिसतं, पण त्यावर विसंबून रात्रीचा प्रयोग घेऊ नये.

पॅकअप_नंतर

विंगेतून यांनी वेळ मांडली. चार वाजता नटाला सोडायचं कसं, ते सांगतो. हे काम मुख्य सहायक दिग्दर्शकाचं.

१. ज्या दिवशी प्रयोग असेल त्या दिवशीच्या शेड्यूलमध्ये त्या नटाचे सीन सकाळी पहिले लावायचे. लोकेशन बदलून प्रकाशयोजना पुन्हा करावी लागली तरी चालेल.

२. गर्दीचा सीन असेल तर आधी मास्टर शॉट, ज्यात सगळे दिसतात. लगेच पाठोपाठ फक्त त्या नटाचे क्लोज (क्लोजअप), त्याच्या सगळ्या ओळी आणि सगळ्या प्रतिक्रिया. दोन-तीन कॅमेऱ्यांचा सेटअप असेल तर हे पाऊण तासात उरकतं.

३. नट गेल्यावर बाकीच्यांचे क्लोज. त्याच्या ओळींचा क्यू सहायक देतो. फ्रेममध्ये त्याचा खांदा हवा असेल तर तेच कपडे घातलेला, त्याच अंगकाठीचा माणूस पाठमोरा उभा करायचा. याला सेटवर सजेशन म्हणतात.

४. जाण्याआधी कंटिन्युइटीचे फोटो: केस, दागिने, पदराच्या निऱ्या, हातातली वस्तू कुठल्या हातात. उरलेला पॅच दोन दिवसांनी घ्यायचा झाला तर याच्याशिवाय निभावत नाही.

फसतं ते बँकेमुळे. बँक म्हणजे तयार, एडिट झालेले, प्रक्षेपणाची वाट पाहणारे भाग. हातात आठ-दहा भाग असतील तर सगळे समजुतीने घेतात. बँक संपून आज शूट केलेलं उद्या दाखवायची वेळ आली की नटाला सोडणं कोणाच्याच हातात राहत नाही. आणि बँक संपायचं ठरलेलं कारण म्हणजे ट्रॅक, म्हणजे चालू कथानक, ऐन वेळी बदलणं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, चॅनलच्या क्रिएटिव्हकडून नवं वळण येतं, लिहून-शूट करून ठेवलेले चार भाग बाद होतात.

बाल्कनी_सी

म्हणजे काही सीनमध्ये सासूबाई अख्खा वेळ पाठमोऱ्या का असतात ते आज कळलं :)

पॅकअप_नंतर

@बाल्कनी_सी, बरोबर ओळखलंत. अंबाडा आणि पदर जुळला की काम होतं. फक्त प्रेक्षकांतल्या मावश्यांचं लक्ष बांगड्यांवर असतं, तिथे पकडले जातो.

हिशेबनीस

करारात काय हवं, ते मुद्द्याने लिहितो. कारण नवीन मुलं मानधनाचा आकडा बघून सही करतात आणि बाकीची पानं वाचतही नाहीत.

एक्सक्लुझिव्हिटीचं कलम पहिलं. 'करारकाळात अन्य कोणत्याही माध्यमात काम करणार नाही' असं छापील वाक्य असतं. त्यातून रंगभूमी वगळल्याचं स्पष्ट लिहून घ्या. तोंडी 'हो हो, नाटक करा की' याला किंमत नाही. ज्याने होकार दिला तो ईपी, म्हणजे मालिकेचा कार्यकारी निर्माता, सहा महिन्यांत बदललेला असतो.

दुसरं, तारखा. पालिकेच्या नाट्यगृहांचं तारखांचं वाटप काही महिने आधी होतं. म्हणजे नाट्यनिर्मात्याला पुढच्या तिमाहीतले शनिवार-रविवार ठाऊक असतात. ती यादी हातात आली त्याच दिवशी मालिकेच्या प्रॉडक्शनला मेलने पाठवायची आणि उत्तर मागवायचं. करारात 'महिन्याला इतके पूर्ण दिवस आणि इतक्या दिवशी दुपारी ४ ला सुटका' असा आकडा हवा. आकडा नसला की प्रत्येक प्रयोगासाठी विनवण्या आल्या.

तिसरं, किमान दिवसांची हमी. मालिकेने महिन्यात अमुक दिवस काम देणार किंवा त्याचे पैसे देणार, असं. हे नसेल तर ट्रॅक दुसऱ्या पात्राकडे वळला की महिनाभर घरी बसायचं, आणि नाटकाच्या तारखा तर आधीच सोडून दिलेल्या.

पैशांचा वेग दोन्हीकडे वेगळा आहे. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, बहुतेक त्याच रात्री पाकिटात मिळते. मालिकेचं बिल लावल्यापासून ९० दिवसांनी येतं. जानेवारीत सुरू केलेल्या कामाचा पहिला पैसा एप्रिल-मेमध्ये दिसतो. तेव्हा मालिका मिळाली म्हणून लगेच मोठं भाडं किंवा गाडीचा हप्ता घेऊ नये. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

कर: मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो, पण वर्षाचा कर त्याहून जास्त बसू शकतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या आगाऊ कराच्या तारखा पाळा. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. मालिकेतली मुख्य भूमिका असेल तर ही मर्यादा वाटते तितकी लांब नाही.

रातराणी

तालीममास्तर, थोडी वेगळी बाजू मांडते. नटाच्या सोयीपायी नाटकाचं काय झालं तेही बघा. मालिकेतले नट फक्त शनिवार-रविवार मोकळे, म्हणून नाटकंही शनिवार-रविवारचीच झाली. मग त्या दोन दिवसांच्या तारखांसाठी सगळ्या निर्मात्यांची झुंबड, आणि बुधवारी नाट्यगृह रिकामं किंवा संमेलनाला दिलेलं. आठवड्याला दोन-तीन प्रयोग करून शंभरी गाठायला वर्ष लागतं. भरत जाधवांचं 'सही रे सही' १५ ऑगस्ट २००२ ला आलं. त्याने जो वेग पकडला तो आठवड्यातले मधले वारही वापरल्यामुळे. दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदमध्ये १२,५०० वा प्रयोग केला. हा आकडा दैनंदिन मालिका मुख्य धरून कुठल्याही नटाला गाठता येणार नाही. त्यांनी छोट्या पडद्यावर 'आम्ही सारे खवय्ये' केलं, पण ते सूत्रसंचालन. त्याचे अनेक भाग एका दिवसात शूट करून मोकळं होता येतं. निवड किती विचारपूर्वक आहे बघा!

आणि पूर्वी दोन्ही जमायचं, कारण मालिका साप्ताहिक होत्या. दूरदर्शनच्या १३ भागांच्या मालिका घ्या किंवा प्रभावळकरांची 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. आठवड्याला एक भाग, त्यामुळे नटाकडे दिवस उरत. दैनंदिन मालिकेशी त्याची तुलना करू नये.

तालीममास्तर

रातराणी, मधल्या वारांचा मुद्दा पूर्ण मान्य. पण मालिकेच्या चेहऱ्यामुळे सोलापूर, नांदेड, जळगावच्या दौऱ्यांना बुकिंग मिळतं, हेही खरं ना?

रातराणी

मिळतं, पण पहिल्या फेरीपुरतं. 'टीव्हीतली अमकी प्रत्यक्ष बघायला मिळणार' म्हणून पहिला प्रयोग भरतो. त्याच गावात सहा महिन्यांनी परत गेलं की नाटक चांगलं असेल तरच खिडकीवर माणूस येतो. शिवाय मालिकेतल्या नटाला घेऊन लांबचा दौरा लागतच नाही. नांदेडला जाऊन-येऊन तीन दिवस जातात, ते कुठलं शूट देणार?

विंगेतून

दौऱ्याबद्दल भर घालतो. मुंबईच्या नटाला रविवारी परवडणारा दौरा म्हणजे पुणे. सकाळी सहाला बस सुटली तर साडेबाराचा बालगंधर्वचा प्रयोग आणि संध्याकाळी चिंचवडला रामकृष्ण मोरे, असे दोन होतात. सेटचा ट्रक शनिवारी रात्रीच पुढे जातो. धोका घाटात. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याला कोंडी झाली की दोन तास जातात. म्हणून ज्याची पहिली एंट्री आहे त्याने तरी शनिवारी रात्रीच पुणं गाठावं. प्रयोग रद्द झाला तर नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, ट्रक, बस सगळं निर्मात्याच्या अंगावर पडतं, आणि परत केलेलं तिकीट पुन्हा विकलं जाईलच असं नाही.

कंठस्थ

तारखांबद्दल चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण कारकीर्द अर्धवट तुटते ती बऱ्याचदा गळ्यामुळे. विक्रम गोखल्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 'बॅरिस्टर'सारखी भूमिका रंगमंचावर उभी करणारा हा नट. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी घशाच्या विकारामुळे रंगभूमी सोडली. कॅमेऱ्यासमोरचं काम मात्र पुढेही केलं, अगदी २०२२ मध्ये 'तुझेच मी गीत गात आहे' या मालिकेतही ते होते. २६ नोव्हेंबर २०२२ ला गेले. रंगमंच गळ्याकडून काय मागतो आणि कॅमेरा काय मागतो, यातला फरक त्यांच्या निर्णयात स्पष्ट दिसतो. मालिकेत लेपल माइक छातीवर असतो, कुजबुजलेलंही टिपतो. नाटकात फूट माइक असले तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्दाचं शेवटचं अक्षर पोहोचवायचं काम फुप्फुसांचंच.

दोन्ही एकाच दिवशी करणाऱ्यांनी हे पाळावं:

मालिकेत रडण्या-ओरडण्याचा सीन प्रयोगाच्या दिवशी लावू नका, असं आधीच सांगा. चार-पाच टेकमध्ये किंचाळलेला गळा रात्री साथ देत नाही. तालमीत किंवा ब्लॉकिंगला, म्हणजे हालचाली बसवताना, पूर्ण आवाजात रडायची गरज नसते, टेकलाच द्या.

आवाज बसला असं वाटलं की लोक कुजबुजत बोलतात. ते करू नका. जोर लावून कुजबुजल्याने स्वरतंतूंवर ताण वाढतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला किंवा गप्प राहा. सारखं खाकरणंही तितकंच वाईट. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट.

प्रयोगाआधी १०-१५ मिनिटं आवाज गरम करा. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे साध्या स्ट्रॉचं टोक अर्धा ग्लास पाण्यात बुडवून, त्यातून 'ऊ' असा स्वर वर-खाली फिरवायचा. बुडबुडे सारखे येत राहिले पाहिजेत. मेकअपला बसल्या बसल्या होतं.

रात्री एकला भरपेट जेवून लगेच आडवं होणं हा नाटकवाल्यांचा खरा शत्रू. पोटातलं आम्ल वर येऊन सकाळी आवाज जड होतो. प्रयोगाआधी साडेपाच-सहाला नीट जेवा, नंतर थोडंसं खा.

आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांवर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. आणि प्रयोग वाचवण्यासाठी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची गोळी घेऊ नका. सूज तात्पुरती उतरते, नट जोराने बोलतो आणि आतली इजा वाढते.

बाल्कनी_सी

हे स्ट्रॉचं शिक्षकांनाही उपयोगी आहे. बायकोला दाखवतो, तिचा सातवीचा वर्ग ६० मुलांचा आहे.

कुडाळकर

मुंबईबाहेरच्या लोकेशनवर चालणाऱ्या मालिकांबद्दल कोणीच लिहिलं नाही. 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गात आकेरीला झाली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळ वसगडेला. दशावतार, राज्य नाट्य स्पर्धा, गावचं हौशी नाटक यातून घडलेल्या नटांना यामुळे घराजवळ काम मिळालं. ही फार मोठी गोष्ट आहे. भाषेचा हेल शिकवावा लागत नाही.

पण मुंबई-पुण्याच्या नटाने अशी मालिका घेतली की व्यावसायिक नाटक सुटलंच समजा. महिन्यातले २० दिवस तो तिथे मुक्कामाला. एकच मार्ग असतो: शूट दोन खेपांत बांधून घ्यायचं, १२ दिवस सलग आणि मग ६ दिवस सुट्टी. त्या ६ दिवसांत किमान एक शनिवार-रविवार आला पाहिजे, हे बोलून घ्यायचं. स्थानिक नटांचं उलट. त्यांना मालिका संपल्यावर पुढचं काम मुंबईतच शोधावं लागतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, तेव्हा तिकडच्या हक्काच्या रंगमंचालाच धक्का बसला.

हिशेबनीस

कुडाळकर, चांगला मुद्दा. बाहेरगावच्या शूटला राहणं, जेवण, प्रवास कोणाकडे आणि प्रवासाचा दिवस कामाचा धरणार की नाही, हेही करारात हवं. धरला नाही तर महिन्याचे चार दिवस फुकट जातात.

रातराणी

करोनाकाळ विसरून चालणार नाही. मार्च २०२० मध्ये दोन्ही बंद झालं. मालिकांचे नवे भाग जुलै २०२० मध्ये सुरू झाले, नाट्यगृहं नोव्हेंबरमध्ये, तीही ५० टक्के क्षमतेने. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. तेव्हा मालिका गोवा, दमण, सिल्वासाकडे गेल्या, मे महिन्यात गोव्यातलंही शूट थांबलं. पण नाटक काही ट्रकमध्ये घालून प्रेक्षकांसकट परराज्यात नेता येत नाही. नाट्यगृहं उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला. मधल्या काळात फक्त नाटकावर जगणारे नट आणि त्याहून जास्त बॅकस्टेज कामगार पार कोलमडले. ज्येष्ठांची आणखी वेगळी अडचण होती: ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती, ती उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केली. मालिकेतले आजी-आजोबा त्या दोन महिन्यांत फोनवरच बोलताना दिसत होते ते यामुळे.

म्हणून नाटकाची कितीही बाजू घेतली तरी मी कोणत्याही नटाला 'मालिका करू नकोस' असं सांगणार नाही.

विंगेतून

अभिनयाच्या सवयींबद्दलही लिहायला हवं. मालिकेत सीनचे कागद बहुतेक वेळा त्याच सकाळी मोबाइलवर येतात. दोन-तीन पानं पाठ करायची, टेक द्यायचा, विसरायचं. वर्षभर हे केलं की मेंदू लांब पल्ल्याचं पाठांतर सोडून देतो. नाटकाची संहिता ६०-७० पानांची, तीही हालचालींसकट. उपाय एकच: चालू नाटकाची प्रयोगाआधी एक वेगवान वाचन-तालीम, विशेषतः दोन प्रयोगांत १५ दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर. गाडीत बसल्या बसल्या सहनटाबरोबर फोनवर ओळी म्हणल्या तरी चालतं.

दुसरं, क्लोजअपची सवय. मालिकेत एक भुवई उचलली की काम होतं, बालगंधर्वच्या बाल्कनीतून ती दिसत नाही. आणि उलट, नाटकातला नट मालिकेत पहिले आठ दिवस सहनटाकडे बघून बोलण्याऐवजी समोर फेकून बोलतो. मॉनिटरवर स्वतःचे दोन-तीन टेक बघितले की लक्षात येतं.

तालीममास्तर

भरपूर हाती लागलं. आता माझा मूळ प्रश्न कोणी घेईल का? नवीन नटाने आधी काय धरावं?

पॅकअप_नंतर

माझ्या मते नाटक उभं राहत असताना मालिका घेऊ नये. २५-३० दिवसांच्या तालमी आणि पहिले १५-२० प्रयोग हा काळ पूर्ण नाटकाला. तोवर भूमिका अंगात मुरते, नाटकाची लांबी पक्की होते, कापाकापी संपते. त्यानंतर मालिका आली तर नाटक महिन्याला चार-सहा प्रयोगांवर तगून राहतं. उलट क्रमाने, म्हणजे मालिका चालू असताना नवीन नाटकाच्या तालमी करणं, हे सगळ्यात अवघड. तालमीला नट रात्री दहाला थकून येतो आणि बाकीचे पाच जण त्याच्यासाठी थांबलेले असतात. ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

रातराणी

सहमत. आणि मालिकेत पहिलीच भूमिका मुख्य नसली तरी वाईट वाटून घेऊ नये. नायक-नायिकेला २२-२४ दिवस लागतात. नणंद, दीर, वकील, मित्र अशा भूमिकेला १०-१२. दोन्ही करायचं असेल तर सुरुवातीला ही दुसरी जागाच सोयीची. लग्नाच्या किंवा गणपतीच्या ट्रॅकला मात्र सगळं कुटुंब फ्रेममध्ये लागतं, तेव्हा लागोपाठ आठ-दहा दिवस जातात. त्या काळात प्रयोग लावायचे नाहीत. लग्नाचा ट्रॅक कधी येणार ते साधारण महिनाभर आधी लेखकांकडून कळतं, विचारून ठेवावं.

हिशेबनीस

एक राहिलंच: लूक. मालिकेत दाढी वाढवली असेल तर ती वर्षभर तशीच लागते, आणि नाटकातली भूमिका गुळगुळीत दाढीची असली तर पंचाईत. केस कापणं, रंगवणं, वजन याबद्दल मालिकेच्या करारात कलम असतंच. नाटकाच्या दिग्दर्शकाला सही करण्याआधी विचारा की या दाढीसकट भूमिका चालेल का. मिशी चिकटवता येते. दाढी लपवता येत नाही.

पॅकअप_नंतर

आणि तारखांच्या यादीची एक प्रत मेकअपदादा आणि ड्रेसदादांनाही द्या. ईपी विसरला तरी ते साडेतीनला आठवण करतात, 'आज प्रयोग आहे ना, चला, बदलून घ्या.'